नवी गाडी, बाहेरची फिटिंग आणि वॉरंटी: काय लावायचं, कसं लावायचं आणि क्लेम अडला तर काय करायचं

नवी गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले फुकटात मिळतात. शोरूममधला सांगतो, बाहेरून एक बल्ब जरी लावला ना सर, तर वॉरंटी संपली समजा. आणि ॲक्सेसरीच्या दुकानातला भाऊ सांगतो, काही नाही होत, आपण रोज नव्या गाड्या करून राहिलो, कोणाची वॉरंटी गेली दाखवा. दोघांचाही धंदा आहे त्यामुळं दोघंही आपल्या सोयीचं तेवढंच सांगतात. खरी गोष्ट अशी की वॉरंटी म्हणजे काही अख्ख्या गाडीवर मारलेला एक शिक्का नाही की एक चूक झाली आन् सगळी पुसली गेली, ती पार्टनुसार चालते, आणि भांडण नेहमी एकाच प्रश्नावर येतं की हा बिघाड तुम्ही लावलेल्या वस्तूमुळं झाला का. म्हणून काही लावायच्या आधी, ती वस्तू गाडीच्या कोणत्या सिस्टीमला हात लावते हे पाहायचं. पहिल्यांदा गाडी घेतलेल्यांसाठी क्रमानं सांगतो.

पायरी १: वॉरंटीचं पुस्तक काढा आणि दोनच वाक्यं शोधा

डिकीत किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये पडलेलं असतं ते, बहुतेकांनी उघडूनही पाहिलेलं नसतं. काय कव्हर आहे याची यादी नंतर वाचा, आधी काय कव्हर नाही ते पान काढा. तिथं मॉडिफिकेशनबद्दल दोन तऱ्हेची भाषा सापडते. एक, "मान्यता नसलेल्या फेरफारामुळे झालेला बिघाड" कव्हर होणार नाही. दुसरी, "फेरफार केलेलं वाहन" कव्हर होणार नाही. फरक वाटतो छोटा पण आहे मोठा. पहिल्यात कंपनीला कारण दाखवावं लागतं, दुसऱ्यात कंपनी नुसता फेरफार दाखवून हात वर करायचा प्रयत्न करते. तुमच्या पुस्तकात कोणतं आहे ते पेन्सिलनं खूण करून ठेवा, पुढं भांडायची वेळ आली तर हेच पान लागते.

तिथंच आणखी एक गोष्ट दिसेल की टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा गाडीच्या कंपनीची नसतेच, टायर बनवणारा आणि बॅटरी बनवणारा ती देतो. म्हणजे ॲम्प्लिफायर लावून बॅटरी बसली तर प्रश्न विचारणारा वेगळा माणूस असतो. आणि मुदत पण पाहून घ्या, कारण ती बदलत असते, मारुतीनंच २०२४ च्या जुलैत २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरची स्टँडर्ड वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. ओळखीच्या माणसाच्या जुन्या गाडीवरून अंदाज लावू नका.

एक इशारा. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून पुष्कळ लोक सांगतात की कायद्यानं कंपनीलाच सिद्ध करावं लागतं. तो त्यांचा १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, तो इथं चालत नाही. आपल्याकडं कामी येतो तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९, आणि एक जुना पण कामाचा आदेश, भारतीय स्पर्धा आयोगाचा, २५ ऑगस्ट २०१४ चा. त्यात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता आणि सांगितलं होतं की ग्राहकानं बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट लावता येणार नाही, बाहेरच्या खराब कामामुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. प्रकरण पुढं अपिलात गेलं, आणि आदेश रिपेअर-स्पेअरपार्टबद्दल होता, मॉडिफिकेशनबद्दल नव्हता, हे लक्षात ठेवा. पण "सरसकट नाही, तेवढ्यापुरतं" हा विचार तिथं स्पष्ट लिहिलेला आहे आणि तुमच्या पत्रात तो यायला पाहिजे.

पायरी २: तुमची हौस कोणत्या खान्यात बसते ते पाहा

मॅट, बॉडी कव्हर, मोबाइल होल्डर, डोअर व्हायझर, परफ्यूम, याचा वॉरंटीशी काही संबंध नाही, बिनधास्त लावा. सीट कव्हरचा मात्र आहे. ज्या गाडीत साइड एअरबॅग सीटच्या कडेत असते (सीटवर छोटं लेबल शिवलेलं असते, पाहा) तिला एअरबॅगच्या जागी उसवणारी शिलाई असलेलंच कव्हर पाहिजे, नाहीतर ऐन वेळेवर एअरबॅग आत अडकेल आणि मग वॉरंटीचा विषयच कोण काढते. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात ४५ पार जाते म्हणून ज्यांनी जास्तीचे पैसे देऊन व्हेंटिलेटेड सीटवाली गाडी घेतली, तेच लोक वरून जाड रेक्झिनचं कव्हर चढवतात, हे कोडं मला सुटलेलं नाही! हवा येणार कुठून. मग सर्व्हिस सेंटरला तक्रार की सीट थंड होत नाही, आणि तो बिचारा पहिले कव्हर काढायला लावतो.

काचेच्या फिल्मचा वॉरंटीपेक्षा चलानाशी संबंध जास्त. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी आणली, नियमात पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. ऊन आहे म्हणून लोक लावतात ते समजते, पण मागच्या काचेवर लावून नंतर पोलिसांच्या भीतीनं ओरबाडून काढली की डीफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवणाऱ्या हीटरच्या) बारीक रेषा सोबत निघून येतात, आणि ती काच कोणी वॉरंटीत बदलून देत नाही.

टायर आणि अलॉयवर (म्हणजे मिश्रधातूच्या रिमवर) थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. टायरचा एकूण व्यास मूळच्यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त बदलायला नको असा साधा हिशेब आहे. उदाहरण घ्या, १६५/८० आर१४ (म्हणजे १६५ मिलिमीटर रुंद, कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची) टायरचा व्यास जवळपास ६२० मिलिमीटर. वरच्या मॉडेलला येते १८५/६५ आर१५, तो ६२१ च्या वर थोडा, म्हणजे रिम मोठी झाली तरी व्यास तोच, चालते. पण दुकानदार म्हणतो भाऊ गाडी भरलेली दिसली पाहिजे, आणि २०५/६५ आर१५ चढवतो, तो साडेसहाशेच्या जवळ, साडेचार टक्के मोठा. आता मीटर १०० दाखवते तेव्हा गाडी १०४ च्या वर असते, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आतल्या लायनरला घासते, एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमचा, हिशेब बिघडतो. त्यात रिम बाहेर निघालेली पाहिजे म्हणून मधे स्पेसर (रिम आणि हबच्या मधली चकती) टाकला की व्हील बेअरिंगवर जोर येतो. आपल्याकडं सिमेंटचे रोड झाले, पण त्यांच्या कडा आणि जॉइंट एकेका ठिकाणी असे आहेत की स्वस्त अलॉय एका दणक्यात वाकते. बेअरिंग आवाज करायला लागलं आणि गाडीखाली स्पेसर दिसला तर सस्पेन्शन, बेअरिंग, स्टिअरिंग रॅक, या सगळ्यावर क्लेम नाकारला जाईल आणि तिथं मला कंपनीची बाजू बरोबर वाटते. पण त्याच गाडीची पॉवर विंडो बंद पडली तर टायरचं कारण देता येणार नाही. असा विचार करायचा.

सस्पेन्शनच्या स्प्रिंगमध्ये रबराचे बफर टाकायची पण फॅशन आहे, पेंच-ताडोबाकडं पाच जण आणि सामान घेऊन जाताना गाडी बसते म्हणून. काम करतात ते, पण शॉकअप आणि वरच्या स्ट्रट माउंटवर लोड बदलतो. लावायचेच असतील तर वॉरंटी संपल्यावर लावा.

इंजिनचं सांगायचं तर एका वाक्यात सांगतो, वॉरंटीत असताना ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, हात लावू नका. रिमॅप (त्यातलं सॉफ्टवेअर बदलणं) असो की ट्यूनिंग बॉक्स (पॉवर वाढवायला बाहेरून जोडलेला डबा). लोक म्हणतात सर्व्हिसच्या आदल्या दिवशी बॉक्स काढून ठेवायचा, कोणाला कळते. कळते. फॉल्ट आला तेव्हा इंजिनची काय स्थिती होती ते ईसीयू साठवून ठेवते, काही कंपन्यांच्या सिस्टीममध्ये सॉफ्टवेअर किती वेळा फ्लॅश झालं, म्हणजे नव्यानं टाकलं गेलं, तेही दिसते. टर्बो गेला, क्लच गेला, गिअरबॉक्स गेला, हे सगळे मोठ्या रकमेचे पार्ट एका फटक्यात तुमच्या खिशावर येतात. बीएस-६ गाडीतून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा) काढून आवाजाचा सायलेन्सर लावणं किंवा डिझेलचा डीपीएफ (काजळी पकडणारा फिल्टर) काढणं तर कायद्यातही बसत नाही. तेल लावलेले परफॉर्मन्स एअर फिल्टर दिसायला निरागस असतात पण तेल जास्त झालं तर एअरफ्लो सेन्सरवर जाऊन बसते.

सीएनजी किट हा वेगळाच विषय. कंपनीतून आलेल्या सीएनजी मॉडेलला पूर्ण वॉरंटी, बाहेरून लावलेल्या किटला इंजिन आणि फ्युएल सिस्टीमवर क्लेम मिळणं जवळपास अशक्य धरा. ज्याचं रोजचं बुटीबोरी-हिंगणा जाणंयेणं आहे त्यानं आधीच फॅक्टरी सीएनजी घ्यावी, नंतर किट लावायचा विचार नवीन गाडीत करू नये असं माझं मत आहे. लावलंच तर मान्यताप्राप्त किट, आरसीवर इंधनाची नोंद, आणि सिलिंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याचा दाब देऊन तपासणी).

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, तुमच्याकडं हाय-व्होल्टेजच्या वायरी नारंगी असतात, संत्रानगरीत तो रंग ओळखायला शिकवायची गरज नाही, त्याच्या आजूबाजूला ड्रिल घेऊन कोणाला जाऊ देऊ नका. बॅटरी पॅकवर बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात, तेवढी मोठी वॉरंटी पाच हजाराच्या सबवूफरसाठी पणाला लावू नये. लाइट, स्टिरिओ, सगळं १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच.

पायरी ३: वायर कापायची नाही, म्हणजे नाहीच

सगळ्यात जास्त क्लेम अडकतात ते वायरिंगमध्ये. स्टिरिओ, कॅमेरा, हॉर्न, फॉग लॅम्प, सेंट्रल लॉक, डॅशकॅम, सगळं शेवटी कोणत्या तरी वायरीतून करंट घेणार. दुकानात दोन पद्धती असतात. एक म्हणजे कपलर टू कपलर, त्या मॉडेलचा सॉकेट असलेली तयार हार्नेस (वायरींचा जुडगा), खटकन बसते आणि काढली तर गाडी होती तशी. दुसरी म्हणजे वायर सोलायची, पिळायची, काळी टेप मारायची. नागपूरच्या उन्हात ती टेप दोन उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते, मग शॉर्ट. आणि सर्व्हिस सेंटरवाल्यानं डॅशबोर्ड उघडल्यावर कापलेली वायर दिसली की तो पहिले फोटो काढतो. इथं तुम्ही कितीही सांगा की बिघाड दुसरीकडं आहे, कारण आजकाल बॉडी कंट्रोल मॉड्यूल (लाइट, लॉक, वायपर चालवणारा कॉम्प्युटर) सगळ्यांना जोडलेलं असते, स्टिरिओच्या मागच्या कापलेल्या वायरीवरून तो सेंट्रल लॉक, वायपर, समोरचं मीटर, सगळ्यालाच कारण जोडू शकतो, आणि गंमत म्हणजे कधी कधी ते खरंही असते.

हेडलाइटचा हिशेब करून दाखवतो. मूळ एच४ बल्ब ६०/५५ वॉटचा, १२ व्होल्टवर लो बीम-हाय बीम धरून साडेचार ते पाच अँपिअर. रात्री समृद्धीवर किंवा अमरावती रोडवर दिसत नाही म्हणून लोक १००/९० चा लावतात, तो आठच्या वर ओढतो. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे दीडपटीच्या थोडं वर करंट झाला तर उष्णता पावणेतीन पटीच्या आसपास. मूळ वायर आणि स्विच त्यासाठी बनलेले नाहीत, होल्डर वितळतो. लावायचाच असेल तर रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) असलेली वेगळी हार्नेस, करंट थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीच्या जवळ. आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये झगझगीत एलईडी घालू नका, समोरच्याच्या डोळ्यात जाते, तुमच्या रस्त्यावर पडतच नाही.

दुकानात विचारायचे प्रश्न साधे आहेत. दादा, कपलर आहे का या मॉडेलचा? फ्यूज कुठं टाकणार? काढलेला जुना पार्ट परत देणार ना? त्यानं "अरे काही टेन्शन नाही" असं उत्तर दिलं तर दुसरं दुकान पाहा, सदरपासून मानेवाड्यापर्यंत दुकानं कमी आहेत का. काम चालू असताना तिथं उभे राहा, मोबाइलमध्ये आधीचे आणि नंतरचे फोटो काढा, आणि पक्कं बिल घ्या ज्यावर गाडीचा नंबर, वस्तूचं नाव आणि तारीख असेल. जीएसटी वाचवायला कच्ची चिठ्ठी घेतली तर नंतर सिद्ध काय करणार.

शोरूममधून लावलं म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. शोरूममध्ये दोन तऱ्हेच्या वस्तू मिळतात, एक कंपनीची जेन्युइन ॲक्सेसरी, पार्ट नंबरवाली, तिला तिची वॉरंटी असते. दुसरी म्हणजे डीलरनं बाहेरच्या व्हेंडरकडून आणून लावलेली, पाटी शोरूमची पण माल बाजारातला. कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. म्हणून ॲक्सेसरीच्या बिलावर पार्ट नंबर आहे का ते डिलिव्हरीच्या आधी पाहा, आणि नसेल तर "या फिटिंगमुळे गाडीच्या वॉरंटीवर परिणाम होणार नाही" असं डीलरच्या ईमेलवरून लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारा सेल्समन सहा महिन्यांनी दुसऱ्या शोरूमला असतो.

अजून एक, टचस्क्रीन, अलॉय, फॉग, रिव्हर्स कॅमेरा असं सगळंच लावायचं असेल तर बेरीज करा आणि वरच्या व्हेरिएंटच्या किमतीशी ताडून पाहा. पुष्कळदा फरक फार राहत नाही, आणि तिथं सगळं वॉरंटीत येते.

पायरी ४: आरटीओ आणि इन्शुरन्सला सांगा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणते की आरसीवरच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत हे ठासून सांगितलं. चेसिस, इंजिन, छत कापून सनरूफ, असली कामं त्यात येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. परवानगीनं होण्यासारखे बदल, जसं इंधन किंवा रंग, त्यासाठी तुमची गाडी एमएच-३१ ची असेल तर शहर आरटीओ, ४९ ची असेल तर पूर्व नागपूर, ४० ची असेल तर ग्रामीण, तिथं नोंद करून घ्या. समोर लोखंडी बुलबार (बंपरपुढचा गार्ड) लावू नका, केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे, आणि धडकेत एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत झटका कसा पोहोचतो ते गणितच त्यानं बदलते.

इन्शुरन्समध्ये इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी आयएमटी २४ आणि सीएनजी-एलपीजी किटसाठी आयएमटी २५ असं कलम पॉलिसीवर चढवता येते. थोडा प्रीमियम वाढतो, पण चोरी-अपघातात त्या वस्तूचे पैसे मिळतात.

पायरी ५: सर्व्हिसला जाताना

सर्व्हिसच्या तारखा चुकवू नका. तुमचं मॉडिफिकेशन कितीही साधं असो, सर्व्हिस उशिरा झाली तर कंपनीला ते दुसरं कारण आयतंच मिळते. पडद्यामागचं थोडं समजून घ्या. वॉरंटीचं काम डीलर करतो पण पैसे त्याला कंपनीकडून मिळतात, त्यासाठी तो फोटो आणि फॉल्ट कोडसकट क्लेम वर पाठवतो. तिकडून नाकारला गेला तर पार्टचा खर्च त्याच्या अंगावर. म्हणून सर्व्हिस ॲडव्हायझर शंका आली की आधीच नाही म्हणतो. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, तुमचे फोटो, बिल आणि कपलर त्याला दाखवा, म्हणजे वर पाठवायला त्याच्याकडं काही राहते. लपवाछपवी तर मुळीच करू नका. जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटर गाडी घेताना बनवते त्या कागदावर) तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, "कस्टमर रिक्वेस्ट" एवढंच लिहू देऊ नका.

पायरी ६: क्लेम नाकारला तर

लेखी मागा. एवढं एक काम केलं तरी पुष्कळ वेळा सूर बदलतो. कोणता पार्ट, काय बिघाड, माझ्या कोणत्या फिटिंगमुळं, आणि वॉरंटी पुस्तकातल्या कोणत्या कलमाखाली, हे चार मुद्दे ईमेलवर विचारा. "मॉडिफिकेशन आढळले" हे उत्तर नाही. पैसे भरून गाडी न्यावी लागलीच तर बिलावर "आक्षेप राखून" असं लिहा आणि काढलेला जुना पार्ट ताब्यात मागा किंवा सांभाळून ठेवायला लेखी सांगा, कारण पुढं तपासणी त्याचीच होणार.

मग डीलरच्या वर कंपनीच्या कस्टमर केअरला, तक्रार क्रमांकासकट. तिथून दाद नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, आपल्याकडं सिव्हिल लाइन्सला आहे. ५० लाखांपर्यंतच्या वस्तूची तक्रार तिथं चालते. फी तुम्ही गाडीला दिलेल्या किमतीवर ठरते, ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. गाडी पुण्यातून घेतली असली तरी राहता नागपुरात तर तक्रार नागपुरात करता येते, २०१९ च्या कायद्यानं ही सोय केली. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते, वकील बंधनकारक नाही. बिघाड तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग तो पार्ट प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी तक्रारदाराकडून भरून घेतात.

तक्रारीसोबत जोडायचं ते असं: वॉरंटी पुस्तकाचं खूण केलेलं पान, ॲक्सेसरीचं पक्कं बिल, फिटिंगचे फोटो, सगळी जॉब कार्डं, आणि नाकारल्याचा ईमेल. ईमेल मागूनही मिळाला नसेल तर तुम्ही मागितल्याचा ईमेल जोडा.